खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पफर पाळताना

पफर हा घाबरला की फुगणारा, खादाड मासा आहे आणि खाताना सांडतोही भरपूर. कोळंबी चोचीसारख्या दातांनी तोडतो, अर्धी गिळतो आणि उरलेल्याचा चुरा पाण्यात उडवतो. तो चुरा खडकांच्या फटीत सडतो आणि त्याचा अमोनिया होतो. शिवाय त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पफरच्या टँकमध्ये जे बिघडतं त्यातलं बहुतेक या दोन कारणांनी बिघडतं, म्हणून टाकीचं माप, फिल्टर आणि मासळीबाजारातून काय आणायचं हे त्यांच्यावरूनच ठरवावं.

आधी जात नक्की करा

दुकानात 'पफर' म्हणून जे विकलं जातं ते सगळं समुद्रातलं नसतं. पी पफर हा केरळ-कर्नाटकातल्या नद्यांचा, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, गोड्या पाण्याचा मासा. ग्रीन स्पॉटेड पफर अनेक दुकानांत गोड्या पाण्यात ठेवलेला दिसतो, पण तो खाडीचा आहे. गोड्या पाण्यात काही महिने तग धरतो आणि मग खंगतो. कोकणात जाळी फाडणारा केंड पफरच, पण तो उघड्या समुद्रात झुंडीने फिरणारा. काचेच्या पेटीत त्याचं काही खरं नाही.

घरच्या खाऱ्या टँकसाठी खरे पर्याय तीन. व्हॅलेंटिनी (कॅन्थिगॅस्टर व्हॅलेंटिनी) दहा-अकरा सेंटिमीटरवर थांबतो. त्याला ९० × ४५ × ४५ सेंमीची, म्हणजे साधारण १८० लिटरची टाकी पुरते. डॉगफेस (आरोथ्रॉन नायग्रोपंक्टॅटस) तीस-तेहतीस सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याला किमान १५० × ६० × ६०, म्हणजे ५४० लिटर. पॉर्क्युपाइन (डायोडॉन होलोकॅन्थस) दुकानात मुठीएवढा आणि गोड दिसतो, पण तोही तीस सेंटिमीटरच्या घरात जातो आणि समुद्रात पन्नासपर्यंत वाढतो. त्याच्यासाठी सहा फुटांखालची टाकी नको. 'आत्ता लहान आहे, नंतर मोठी टाकी घेऊ' हे बोलणं दुकानदाराच्या सोयीचं असतं. ती मोठी टाकी सहसा येत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहिला पफर व्हॅलेंटिनीच घ्यावा. स्वभाव तोच, डोळे तसेच वेगवेगळ्या दिशांना फिरणारे, माणूस ओळखणंही तेच. खर्च मात्र एक तृतीयांशाच्या आसपास.

वजन, जागा, वीज

५४० लिटरची टाकी म्हणजे पाणी, १२ मिलिमीटरची काच, स्टँड, खडक आणि खालचा सम्प (फिल्टरचं सामान ठेवायची दुसरी टाकी) धरून आठशे किलोच्या वर. राहत्या घराच्या स्लॅबचं गणित साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून केलेलं असतं. म्हणून एवढी टाकी खोलीच्या मध्यात किंवा बाल्कनीत ठेवायची नाही. ती बीमच्या वर, भिंतीला लागून, बीमला आडवी बसली पाहिजे. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॅलेंटिनीच्या टाकीचा हा प्रश्न बराच सोपा असतो, तरी तीही सिरॅमिक टाइलवर थेट ठेवू नका. खाली जाड प्लायवुड आणि फोम हवा.

पफर वायरी चावतो. हीटरची वायर, एअर पंपाची नळी, सक्शन कप, जे लोंबकळतं ते चावून बघतो. म्हणून हीटर, चिलरची नळी आणि प्रोब सगळं सम्पमध्ये. मुख्य टाकीत फक्त परतीच्या पाण्याचं तोंड आणि जाळी लावलेला वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप). टँकच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एक झोल घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळणारं पाणी झोलातून खाली ठिबकतं आणि प्लगात शिरत नाही.

फिल्टर

स्किमरच्या (फेसासोबत घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) खोक्यावर जो आकडा छापलेला असतो तो हलका भार असलेल्या टाकीसाठी असतो. ५४० लिटरच्या पफर टँकला १००० लिटरचा स्किमर लावा, १८० लिटरला ४०० चा. टाकी भरून वाहणारी ओव्हरफ्लो असावी, खाली १०० लिटरचा सम्प, आणि सम्पच्या पहिल्या कप्प्यात फिल्टर सॉक (गाळायची पिशवी). हा सॉक तीन दिवसांनी धुवायचा. आठवडाभर तसाच ठेवला तर त्यात अडकलेला चुरा तिथेच सडतो आणि सॉकच नायट्रेटचा कारखाना होतो.

खडकाच्या बाबतीत भारतात एक अडचण आहे. प्रवाळ आणि त्यांचे सांगाडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. दुकानातला 'लाइव्ह रॉक' (जिवाणू वसलेला समुद्री खडक) इथल्याच प्रवाळभिंतीवरून तोडलेला असेल तर तो विकत घेणं हाही गुन्हा. सिरॅमिकचा किंवा सिमेंट-ॲरागोनाइटचा बनवलेला खडक वापरा. त्यावर जिवाणू बसायला वेळ जास्त लागतो, इतकंच. सिमेंटचा असेल तर महिनाभर साध्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत बदलत त्याचा पीएच उतरू द्या. तळाला दोन-तीन सेंटिमीटर वाळू पुरे. जाड थराखाली घाण साचते.

पाणी आणि मीठ

समुद्राचं पाणी भरून आणायचा मोह किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना होतो. मुंबईच्या आसपासचं पाणी सांडपाण्यामुळे बाद. पावसाळ्यात तर नदीनाल्यांच्या पाण्याने कुठेही खारटपणा घसरतो. कृत्रिम समुद्री मीठ आणि आरओ-डीआय पाणी (आरओनंतर उरलेले क्षार रेझिनने काढलेलं) हाच भरवशाचा मार्ग. स्वयंपाकघरातला आरओ पुरत नाही, कारण चवीसाठी त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम ५०-१०० वर ठेवलेला असतो. त्याच्या मिनरल कप्प्याआधीच्या पाण्याला एक डीआय रेझिनची नळी जोडा आणि मीटरवर टीडीएस शून्य येतोय हे बघा.

एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ. पिंपात पाणी, पंप चालू, मीठ थोडं थोडं, आणि चोवीस तास फिरू द्यायचं. उलटं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम चुन्यासारखं खाली बसतं आणि परत विरघळत नाही. घनता १.०२४ ते १.०२५. प्लॅस्टिकच्या तरंगत्या हायड्रोमीटरवर विसंबू नका. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो साध्या पाण्याऐवजी ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा. बाकीचे आकडे असे: पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (पीएच टिकवायची पाण्याची ताकद) ८ ते ११ डीकेएच, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत. ४० च्या वर गेलं की टाकी हाताबाहेर चाललीय असं समजा.

आठवड्याला २० टक्के पाणी बदला. ५४० लिटरच्या टाकीत खडक-वाळू वगळून साधारण ५०० लिटर पाणी धरलं तर दर आठवड्याला १०० लिटर पाणी आणि सुमारे साडेतीन किलो मीठ, वर्षाला १८० किलोच्या पुढे. टाकी विकत घेताना हा हिशेब कुणी सांगत नाही. १०० लिटर आरओ पाण्यामागे दोन-तीनशे लिटर पाणी वायाही जातं. ते पिंपात धरून लादी पुसायला आणि कपड्यांना वापरा.

पाण्याची वाफ होते, मिठाची नाही. रोज उडालेलं पाणी भरून काढायचं ते बिनमिठाच्या आरओ पाण्याने. इथे खारं पाणी ओतत राहिलं तर महिनाभरात घनता १.०३० च्या पलीकडे जाते.

उन्हाळा

पफरला २४ ते २६ अंश लागतात. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतली टाकी सहज ३२ ला पोचते. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला तो सहाच्या आसपास येतो. नेमक्या तेव्हाच माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात.

पंख्याची झुळूक पाण्यावर सोडणं हा उपाय नागपूर-सोलापूरच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, दोन-तीन अंश उतरवतो. पण रोज कित्येक लिटर पाणी उडतं, म्हणून ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावावाच लागतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत वाफच कमी होते, तिथे पंख्याचा उपयोग थोडा. तिथे चिलर हवा: १८० लिटरला १/१० एचपी, ५४० ला १/४ किंवा त्याहून मोठा. चिलर स्टँडच्या कपाटात कोंडू नका. त्याचीच गरम हवा त्याला परत मिळते आणि तो दिवसभर चालू राहतो.

सायकल

मासा आणण्याआधी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार झाले पाहिजेत. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमवर न्या. एक-दोन आठवड्यांत तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. पुन्हा २ चा डोस द्या. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तर टाकी तयार. बनवलेल्या खडकावर याला सहा आठवडेही लागतात. शेवटी निम्मं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

मासा निवडणं आणि आणणं

दुकानात मासा खाताना दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा. पोट भरलेलं हवं. वरून बघितल्यावर डोक्यामागे पाठ आत गेलेली दिसली तर तो आठवडे उपाशी आहे. डोळे काचेसारखे स्वच्छ आणि तुमच्या बोटामागे फिरणारे असावेत. हे सगळे मासे समुद्रातून पकडलेले असतात, त्यामुळे आतून-बाहेरून परजीवी आहेत असंच धरून चाला.

जाळीने काढू देऊ नका. जाळीत पफर घाबरून फुगतो, आणि पाण्याबाहेर फुगला तर पोटात हवा भरते. ती हवा त्याला सहजी सोडता येत नाही. डबा पाण्यात बुडवून त्यात मासा हाकलायचा आणि पाण्यासकट उचलायचा. चुकून हवा गेलीच तर त्याला पाण्याखाली तोंड वर करून हलकेच धरा, बुडबुडे तोंडातून निघतील. पोट दाबू नका.

पिशवीतलं पाणी लांबच्या प्रवासात अमोनियाने भरलेलं असतं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून दुकानाच्या पाण्याची घनता आधीच विचारून क्वारंटाइन टाकी तेवढ्यावर आणून ठेवा. पिशवी न उघडता वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि मग लगेच मासा सोडा. पिशवीचं पाणी फेकून द्या. तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसायची पद्धत इथे उलटू शकते.

क्वारंटाइन आणि रोग

८०-१०० लिटरची उघडी टाकी, वाळू नाही, दोन पीव्हीसीचे पाइप, आणि मुख्य सम्पमध्ये भिजवलेला स्पंज फिल्टर. मुक्काम किमान चार आठवडे. खात असेल तर पहिल्या आठवड्यानंतर कल्ल्यांतल्या चपट्या कृमींसाठी प्राझिक्वान्टेल लिटरला २.५ मिलिग्रॅम आणि आठवड्याने पुन्हा एकदा. डोस चालू असताना हवा भरपूर सोडा.

पफरला इतर माशांसारखं खवल्यांचं आवरण नाही आणि तांब्याची औषधं त्याला चटकन लागतात. पांढरे ठिपके (क्रिप्टोकॅरिऑन) दिसले की दुकानदार तांब्याचीच बाटली हातात देतो. त्याऐवजी हायपोसॅलिनिटी करा, म्हणजे पाण्याचा खारटपणा उतरवा. दोन दिवसांत घनता १.००९ वर उतरवा, शेवटचा ठिपका गेल्यापासून ३० दिवस तिथेच ठेवा, मग रोज ०.००२ पेक्षा जास्त नाही अशा गतीने वर आणा. १.०११ वर राहिली तर परजीवी मरत नाही, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर अचूक पाहिजे. या काळात पीएच घसरतो, रोज मोजा. मुख्य टाकीत रोग शिरला असेल तर ती ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते.

ठिपके मिठाच्या कणाएवढे न दिसता अंगावर सोनेरी भुकटी पसरल्यासारखं दिसलं आणि मासा प्रवाहाच्या तोंडाशी उभा राहून धापा टाकत असेल तर तो व्हेल्वेट. त्यावर हायपोसॅलिनिटी चालत नाही आणि हाताशी दिवस फार नसतात. माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला त्याच दिवशी फोन करा. क्लोरोक्विन फॉस्फेट हे त्यावरचं औषध त्याच्या सल्ल्यानेच द्या.

नवखा माणूस एका गोष्टीने उगाच घाबरतो. पफर रात्री फिका पडतो, शेपूट अंगाला दुमडून कोपऱ्यात निपचित पडतो. डॉगफेस तर दिवसाही तळाला पोट टेकून बसतो. जेवायला उठत असेल तर काही झालेलं नाही.

काय खायला घालायचं

कोळणीच्या पाटीत पफरचं बहुतेक जेवण मिळतं: तिसऱ्या, खुबे, शिनाणे, सालासकट कोळंबी, चिंबोरीचे पाय, माकूल. सगळं न शिजवलेलं. आणल्यावर धुऊन आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बरेचसे परजीवी मरतात. तिसऱ्या मात्र फ्रीजरआधी, जिवंत असतानाच, रात्रभर टाकीच्याच घनतेच्या पाण्यात ठेवल्या की वाळू सोडतात. त्या मग थोड्या उघडून, शिंपल्यासकट टाका. शिंपलं फोडताना जो 'कट्' आवाज काचेबाहेर ऐकू येतो, त्याने दात झिजतात. सोललेली कोळंबी म्हणजे दातांना सुट्टी.

फक्त कोळंबी किंवा फक्त क्रिल (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव) घालू नका. काही मासळीत आणि शिंपल्यांत थायामिनेज हे द्रव्य असतं, ते जीवनसत्त्व बी-१ मोडतं. महिनोन्महिने एकच खाणं मिळालेल्या पफरचा जबडा आखडतो. खाण्याकडे धावतो, पण तोंड मिटत नाही. एकदा हे झालं की बहुधा परत येत नाही. म्हणून तीन-चार प्रकार आलटून-पालटून घाला, माकूल त्यात नेहमी ठेवा, आणि आठवड्यातून दोनदा तुकडे बी-१ असलेल्या मत्स्य-जीवनसत्त्वात दहा मिनिटं भिजवा. व्हॅलेंटिनी शेवाळही खातो. त्याला बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) पट्टा क्लिपला लावा.

व्हॅलेंटिनीला रोज थोडं. वीस सेंटिमीटरच्या डॉगफेसला आठवड्यातून तीनदा, पोट किंचित गोल दिसेपर्यंत. तुम्ही खोलीत आलात की तो काचेवर नाचेल आणि पाणी उडवेल. ती भूक नव्हे, सवय. लांब प्लॅस्टिकचा चिमटा वापरा, बोटं नाही. चिंबोरीचा पाय फोडणारे दात बोटाला कसं सोडतील? वीस मिनिटांनी उरलेलं काढा.

दात

महिन्यातून एकदा समोरून फोटो काढून मागच्या फोटोशी ताडून बघा. पांढरी पट्टी थोडी दिसणं ठीक. वरचा दात खालच्यावर चढला, किंवा मासा तुकड्याला तोंड मारतो पण पकडू शकत नाही, तर वाढ झाली. आधी दोन-तीन आठवडे फक्त शिंपल्यातलं घालून बघा.

त्याने भागलं नाही तर कापावे लागतात, आणि शक्यतो पशुवैद्याकडून. लहान माशाचं घरीच करायचं तर १ मिलिलिटर शुद्ध लवंग तेल ९ मिलिलिटर इथाइल अल्कोहोलमध्ये मिसळा. सर्जिकल स्पिरिट अजिबात नको. टाकीचंच तीन लिटर पाणी आणि हवेचा दगड घ्या. त्यात लिटरला ०.३ मिलिलिटर द्रावणापासून सुरुवात करा आणि गरज पडली तर ०.५ पर्यंत जा. मासा आडवा झाला, पण कल्ले हलताहेत, एवढ्यावर थांबा. ओल्या मऊ फडक्यात धरून, नखांच्या बारीक निपरने टोकाचा एक-दोन मिलिमीटर भाग कापा. मिनिटाच्या आत तो परत स्वच्छ पाण्यात गेला पाहिजे. कल्ले थांबले तर काम अर्धं सोडून आधी पाण्यात घाला आणि तोंडाशी हलका प्रवाह द्या.

सोबत आणि सावधगिरी

एका टाकीत एकच पफर. खेकडे, गोगलगाई, झिंगे हे त्याला सोबती नव्हेत, जेवण. लांब पंखांचे आणि मंद मासे नकोत, लायनफिश तर नकोच. मोठ्या टाकीत टँग, स्क्विरलफिश, दांडगे रॅस मासे चालतात.

पाहुण्यांना दाखवायला त्याला फुगवू नका. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात व्हॅलेंटिनीच फुगवून मोजले होते. फुगलेला असताना ऑक्सिजनचा खप विश्रांतीच्या पाचपट होता आणि पूर्ववत व्हायला सरासरी साडेपाच तासांहून जास्त लागले.

मासा मेला तर हातमोजे घालून लगेच काढा आणि पिशवीत बांधून टाका. कावळ्या-मांजरांच्या तोंडी जाऊ देऊ नका. यकृत आणि अंडाशयातलं टेट्रोडोटॉक्सिन शिजवूनही जात नाही.

गणपतीला गावी जायचं असेल तर धडधाकट मोठा पफर आठवडाभर उपाशी राहू शकतो, लहान व्हॅलेंटिनी तीन-चार दिवस. शेजाऱ्यांना खायला घालायचं काम देऊ नका, ते प्रेमाने जास्तच घालतात. सम्पवर मार्करने रेघ ओढा, बाजूला आरओ पाण्याचे कॅन ठेवा आणि पाणी रेघेपर्यंत भरायचं, एवढंच सांगा. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदलून सॉक आणि स्किमरचा कप धुवा. वीज जाणाऱ्या भागात परतीचा पंप आणि एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. चिलर मात्र नको, तो तासाभरात बॅटरी खाऊन टाकतो.